मोठ्या खोलीतल्या उशा

आमच्या घरातली सगळ्यांत चांगली खोली गेली चाळीस वर्षं कोणी राहायला वापरलेली नव्हती. आम्ही तिघं मागच्या दोन खोल्यांत पायात पाय अडकवून राहायचो आणि रस्त्याकडची मोठी खोली पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेली. पाहुणे आले की बसायचे स्वयंपाकघरातच, कारण चूल तिथे आणि वाइनही तिथे. मोठ्या खोलीत भिंतभर काळ्यावर गुलाबांचा गालिचा, छताला टेकलेली रजयांची चळत, आणि कोपऱ्यात सासूबाईंची लाकडी पेटी. रौत नदीकाठच्या आमच्या गावात घरटी अशी एक खोली असते. लग्नात वऱ्हाड तिथे बसतं आणि माणूस गेलं की त्याला तिथे ठेवतात. मधली सगळी वर्षं ती खोली नुसती वाट पाहते.

मला वाट पाहायला वेळ नव्हता. अकरा वर्षं इटलीत, पादोवाला, मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊ-खाऊ घातलं होतं. मागच्या हिवाळ्यात परत आले ती ठरवूनच, की आता घरातच पाहुणे ठेवायचे. शहरातल्या लोकांना हल्ली खेड्यात चार दिवस राहायची हौस आहे, त्यांना मोठी खोली द्यायची, मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज खाऊ घालायचं. राजधानीतल्या, किशिनाऊच्या एका बाईने ईस्टरनंतरच्या शनिवारी पहिले सहा जण पाठवायचं कबूल केलं. आवडलं तर उन्हाळाभर पाठवीन म्हणाली. नाही आवडलं, तर जूनमध्ये मी पुन्हा पादोवाच्या बसमध्ये. तिथून फोन येतच होते. "रायसा, आई तुझंच नाव घेते गं." असा फोन वाजला की माझा नवरा अनातोल उठून न्हाणीघरात फरशा बसवायला जायचा. दोन भिंती त्याने अशाच पुऱ्या केल्या.

सासूबाई मात्र काही बोलायच्या नाहीत. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत. अकरा वर्षांत कधीच नाही. मला त्याचा राग होता आणि तो मी भिंतींवर काढत होते. ईस्टरच्या आधी आमच्याकडे घराला चुना देतातच. मी त्यात नीळ जरा सढळ हाताने घातली.

सजावटीचं हे खूळ पादोवाचं. मी जिथे कामाला होते त्या म्हातारीच्या लेकीच्या घरात एकीचा दुसरीशी संबंध नसलेल्या पाच खुर्च्या होत्या, दोरीला गाठी मारून केलेल्या शिंकाळ्यांत कुंड्या टांगलेल्या होत्या, जुन्या शिडीवर पांघरुणं टाकलेली होती, आणि भिंतीवर, आता काय सांगू, आमचा काळ्यावर गुलाबांचा गालिचा! "बोहेमियन स्टाइल आहे," ती मला समजावून सांगत होती. असलाच गालिचा घरी आहे म्हणून शहरातल्या वसतिगृहात मुली मला खेडवळ म्हणून हसायच्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मग मीही द्राक्षांच्या टोपल्या उलट्या करून दिव्यांवर टांगल्या. गवताच्या भाऱ्यांची सुतळी सोडवून शिंकाळी विणली. खुर्च्या पिवळ्या-हिरव्या केल्या. आलुबुखारे उतरवायची शिडी धुऊन आत आणली, तेव्हा शेजारची झिनोव्या कुंपणावरून ओरडली, "चोरांची सोय करतेस का गं? त्यांना शिडी आणायलाही लागू नये!"

फक्त उशांना अभ्रे नव्हते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सासूबाई बहिणीकडे चार दिवस निघाल्या होत्या. त्या डोक्याला रुमाल बांधत असताना मी विचारलं, "पेटीतलं काही घेऊ का सजवायला?"

"घे की. पडूनच आहे," त्या म्हणाल्या. "कशाला हात लावायचा नाही, ते तुला सांगायला नको."

ते मला सांगायला हवं होतं, आणि मी विचारायलाही हवं होतं. पण तेवढं मन मोठं कुणाचं? मी या गावची पोर, मला काय विचारायचंय, असा माझा ताठा.

पेटीच्या तळाशी सुती कापडाचे बारा लांब पट्टे होते, हातमागावरचे, पांढरेशुभ्र. दोन्ही टोकांना लाल-काळी नक्षी. एकेक गुंडाळून लाल लोकरीने बांधलेला. एकही कधी वापरलेला दिसत नव्हता. इतकं सुंदर कापड आणि पेटीत कुजतंय, असं म्हणत मी कात्री घेतली. एका पट्ट्यात एक अभ्रा. दोन दिवसांत बारा उशा तयार झाल्या. नक्षी बरोब्बर मधोमध आली म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

गुरुवारी झिनोव्या ईस्टरच्या अंड्यांसाठी लाल रंग मागायला आली. खोली बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. "बाई बाई, हे तर सिनेमातल्यासारखं झालंय," म्हणत ती पलंगावर टेकणार, तोच तिचं उशीकडे लक्ष गेलं. तिने उशी उचलली, नक्षीवरून अंगठा फिरवला, आणि उशी परत ठेवून तीनदा क्रूस केला.

"हे कुठून काढलंस?"

"सासूबाईंच्या पेटीतून. का?"

"अगं करंटे! हे तुझ्या सासूचे, दोम्निकाचे पूल आहेत!"

पूल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. शवपेटी घरातून निघाली की स्मशानापर्यंत बारा ठिकाणी रस्त्यावर कापड अंथरतात आणि त्यावरून अंत्ययात्रा जाते. वर गेलेल्या जिवाला तिकडे बारा पाण्यांवरून जायचं असतं, तेव्हा हेच पूल पायाखाली येतात म्हणे. मग ते कापड तिथेच कुणाला तरी दान देतात. लहानपणी मी ते रस्त्यावर अंथरलेले पाहिलेत, आम्ही पोरं गोड पाव मिळेल म्हणून पुढे पळायचो. पण पेटीत गुंडाळलेले कधी पाहिले नव्हते. बाई ते आपले आपण विणते, डोळे धड आहेत तोवर. आणि ती गेली की तिची लेक पेटी उघडून ते बाहेर काढते.

सात वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा मी पादोवात होते. माझ्याकडे कागद नव्हते. निघाले असते तर परत शिरता आलं नसतं. अनातोलने फोन वर धरला आणि मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून चर्चच्या घंटा ऐकल्या. आईची पेटी मी उघडली नाही.

झिनोव्या रंग न घेताच गेली. मी शिवण उसवायला बसले, आणि कापलेल्या कडा बघून थांबले. उसवून काय होणार होतं?

शुक्रवारी दुपारी सासूबाई आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी टोपल्या पाहिल्या, खुर्च्या पाहिल्या. "नीळ जास्त झाली," म्हणाल्या. मग त्यांची नजर पलंगावर गेली. त्या पलंगाशी जाऊन बोटाने मोजत राहिल्या.

"बारा," त्या म्हणाल्या. "एकही सोडला नाहीस."

"मला माहीत नव्हतं. देवाशपथ. मी जोडून देते, टाका दिसणार नाही असा घालते..."

"जोडलेला पूल? आणि मध्येच उसवला, तर मला कुठे बुडवायचा विचार आहे?"

मला हसावं की रडावं कळेना. त्या खाली बसल्या, एक उशी मांडीवर घेतली आणि शिवण तपासत राहिल्या. "टाके सरळ आहेत हो," म्हणाल्या. मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला सांगितलं का नाहीत?" मीच उलट चिडले. चूक माझी आणि आवाजही माझाच.

"तुला ठाऊक असेल वाटलं. तुझी आई गेली तेव्हा पाहिले असशील..." त्या मध्येच थांबल्या. "विसरलेच मी. तू नव्हतीस."

खोलीत ओल्या चुन्याचा वास होता. मी इतक्या वर्षांत हे कुणालाच विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"आईचे कुणी काढले?"

"कुणी काय काढणार? तिच्या पेटीत नव्हतेच. तिची बोटं किती वर्षं वाकडी होती, विणणार कशी? एक सुरू केलेला होता, वीतभर."

"मग ती तशीच गेली?"

"तशीच कशी जाईल!" त्या एकदम रागावल्या. "मी चोवीस विणले होते. लागतात बारा. पण मला वाटायचं, आपण जरा सावकाश जाऊ, वाटेत बसत-बसत. हौस माझी. त्यातले बारा तिच्या खाली घातले. पुढे मी स्वतः चालत होते, एकेक अंथरत. एकही वाकडा पडला नाही, रायसा. कोरड्या पायांनी गेली तुझी आई."

मी जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यांदा रडले. सात वर्षांचं साठलेलं होतं. त्या माझ्या केसांतून चुन्याचे पोपडे काढत राहिल्या.

"हे कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"फोनवर काय सांगायचं? तू तिथे एकटी. वर माझे उपकार कशाला?"

थोड्या वेळाने त्यांनी मला उठवलं. उशा राहू देत म्हणाल्या. शेवटी ते कापड परक्यांच्याच हातात जायचं असतं, पाहुणे आधी टेकले तर कुणाचं काय बिघडतं. मग त्यांनी खिडकीपासून पलंगापर्यंत पावलं टाकून जागा मोजली.

"माळ्यावरचा माग खाली आणायला सांग. इथे बसेल, उजेड चांगला आहे."

"पुढच्या शनिवारी सहा जण येणार आहेत! झोपवू कुठे?"

"ते तू बघ. माझे डोळे गेले, मला आता विणता येत नाही. तुला विणायचेत."

"मला मागावर साधा धागा ओढता येत नाही."

"दिसलंच ते. मी शिकवीन. वर्षाला दोन झाले तरी खूप."

"म्हणजे सहा वर्षं."

"मग काय घाई आहे? बारा पुरे होईपर्यंत मला मरता येत नाही, आणि तुला जाता येत नाही." त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहा."