सरांचा हिवतापाचा अर्क

वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुखांना सगळे तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'कडूसर'. भिंतींच्या फटींत उगवणारं, बकरीसुद्धा हुंगून पुढे जाते असं एक कडू झुडूप त्यांनी हाती धरलं होतं. त्याच्या पानांच्या अर्काने हिवतापाचे जंतू मरतात, हा सरांचा शोध.

मरत होते, हे खरं. पण काचेच्या बशीत. सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तडक सरांची खोली गाठली.

"सर, जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत राहतात. आपला अर्क त्या पेशीच फोडतोय."

"जंतू मेले ना?"

"घरच पाडल्यावर भाडेकरू राहणार कुठे, सर?"

सरांनी चष्मा पुसला. "तू फार बारकाव्यात शिरतेस. ते नंतर बघू."

नंतर म्हणजे पत्रकारांना बोलावून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी पेपरात सर झळकले, हातात झुडूप, चेहऱ्यावर जगाचं कल्याण. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ते कात्रण इमारतीत दारोदार दाखवलं. नवऱ्यावर त्यांचा विश्वास होता, बिचारीचा.

आणि मग सरांनाच थंडी वाजून ताप भरला. तीन पांघरुणांखाली दात कडाकडा वाजत होते. रक्ततपासणीत हिवताप निघाला. बाई धावत जाऊन प्रयोगशाळेतून अर्काची बाटली घेऊन आल्या, चमच्यासकट.

"आ करा."

"अगं, हे माणसांवर तपासलेलं नाही अजून!"

"पेपरात तर तुम्हीच..."

"ते लोकांसाठी होतं गं!"

बाईंचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी रिक्षा बोलावली आणि त्या सरांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. "याही मुळात एका झाडातूनच आल्यात बरं का," ते म्हणाले, "फक्त झाडापासून गोळीपर्यंत यायला कित्येकांची हयात खर्ची पडली."

सर ठणठणीत झाले. बातमीदाराचा फोन आला: कशाने बरे झालात?

"वनस्पतीने," सर म्हणाले.

"लोकाचं पोर कडेवर घेऊन बाप म्हणून मिरवताय!" बाई आतून ओरडल्या. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

बातमी छापून आली आणि गावातल्या भिंती बोडक्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांना ताप आला, तेव्हा त्यांनी डॉक्टर टाळून पानं उकळून प्यायली. दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. काकू वर आल्या. "वहिनी, सरांनी किती घेतलं होतं हो हे?"

सर दारात उभे होते. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा.

"थेंबभरसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. चला, काकांना आधी दवाखान्यात नेऊ."

रिक्षातूनच त्यांनी सरांच्या हाताखालच्या त्या पीएचडीवाल्या मुलीला फोन लावला. पानं रक्ताचं काय करतात हे तिने दवाखान्यातल्या डॉक्टरांना नीट सांगितलं. काकांना रक्त चढवलं, हिवतापाचं खरं औषध सुरू झालं. काका वाचले. शिवणयंत्राचं पायडल मारण्याइतकी ताकद यायला मात्र बरेच महिने गेले.

मुलीने पेपराकडे खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, चपलांच्या जाहिरातीखाली आला. चौकशी समितीने 'संशोधकाचा अतिउत्साह' असा निष्कर्ष काढला आणि सरांना वनौषधींच्या सुरक्षिततेवरच्या मंडळाचं अध्यक्षपद मिळालं. अनुभवी माणूस हवा होता म्हणे. मुलगी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेली. त्याच झुडपातला पेशी न फोडणारा घटक वेगळा करता येतो का, हे ती पाहते आहे. अजून तरी जमलेलं नाही, आणि कोणी विचारलं तर तसंच सांगते.

सर हल्ली सुरक्षिततेवर भाषणं देतात. बाई ऐकायला जात नाहीत. त्या वेळी त्या खाली टेलरकाकांकडे काजं-बटणं करत बसतात.