इनामाच्या रुपयाचा अर्धा निकाल

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा रुपया आहे आणि सध्या मी भलताच वैतागलो आहे. प्लास्टिकच्या घट्ट डबीत कोंडून मला कपाटाच्या खणात टाकले आहे. डबीवर माझा निकाल छापलेला आहे. तो अख्खा वाचून दाखवायची तसदी मात्र या घरात कोणी घेतलेली नाही.

माझा जन्म १९१८ सालचा. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी. तरुणपणी मी पुष्कळ हिंडलो. पुढे चांदीचे रुपये चलनातून गेले आणि मी चाकणजवळच्या एका गावात पाटलांच्या पेटीत पडून राहिलो. तिथल्या जत्रेत पंचांनी मला कुस्तीचे इनाम म्हणून लावले. दत्तोबा नावाच्या कोवळ्या पैलवानाने कोंडाजीला चीतपट केले आणि मला जिंकले. त्या दिवशी मला माझ्या चांदीचा खरा अभिमान वाटला.

कोंडाजीला मात्र हार पचली नाही. त्याने मला उचलून आखाड्यातच आपटले आणि हा वाजत नाही, म्हणजे खोटा, असे गावाला सांगितले. आता मऊ लाल मातीवर आपटल्यावर कोणता रुपया खणखणेल? पण तेवढा विचार करायला कोण बसले आहे? कुस्ती म्हणे आधीच ठरलेली होती, म्हणून खोट्या कुस्तीला खोटा रुपया, अशी आवई उठली. दोघे पैलवान म्हातारे झाले, गावच्या शेतांत कारखाने उभे राहिले, तरी पारावरचा हा टोमणा काही थांबला नाही.

दत्तोबांनी मला कधी घासले नाही. माझ्या वेलबुट्टीत आखाड्याची माती बसली होती आणि अंगावर काळसर निळी झाक चढली होती. ती माझी इतक्या वर्षांची कमाई होती.

यंदा त्यांच्या मुलाने, रोहिदासने, मनावर घेतले. जुनी नाणी तपासून, खरी की खोटी ते सांगून, त्यांच्या स्थितीला गुण देणारी एक संस्था आहे असे त्याला कळले. आजवर त्याने तिकडे कधी नाणे पाठवले नव्हते. पण एकदा निकाल आला की कोंडाजीकाकांचे तोंड बंद होईल, असे त्याने वडिलांना सांगितले.

"धाड," दत्तोबा म्हणाले. "डोळं मिटायच्या आत मला कळू दे, म्या खरा रुपया जिकला का खोटा."

रोहिदास चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासतो. तिथे पार्ट एक तर पास होतो, नाही तर लाल डब्यात जातो. मधली वाट नाही. त्याच सवयीने पठ्ठ्याने मला पाठवण्याआधी कंपनीत नेले आणि पॉलिशच्या चाकाशी उभ्या असलेल्या खंडूच्या हाती दिले. जुने आहे, राहू दे, असे खंडू म्हणालासुद्धा.

"इन्स्पेक्शनला मळका पार्ट पाठवतात का राव कुठं?" रोहिदास म्हणाला.

चाक फिरले. माती गेली, झाक गेली, राजाच्या मिशा सपाट झाल्या. मी जिवाच्या आकांताने किंचाळलो, पण रुपयाचे कोण ऐकतो? रोहिदास माझ्याकडे पाहून खूश झाला. मला रडू येत होते.

व्हायचे तेच झाले. पार्सल परत आले. डबीवर इंग्रजीत लिहिले होते की नाणे अस्सल आहे, पण घासलेले असल्यामुळे गुण देता येत नाहीत. रोहिदासने गुणांचा आकडा शोधला, तो सापडला नाही, आणि त्याचे डोके फिरले. मला खणात फेकत तो म्हणाला, "रिजेक्ट झालं, आबा."

अस्सल हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नाही. दत्तोबांना इंग्रजी येत नाही. ते नुसते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंडाजीला चहाला बोलावले. मी खणातून सगळे ऐकत होतो.

"कोंडाजी, तुझंच खरं," दत्तोबा म्हणाले. "रुपया खोटाच निघाला."

मला वाटले, आता म्हातारा टाळ्या पिटणार. पण त्याने कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रुपयाचं जाऊ दे," कोंडाजी म्हणाला. "कुस्ती खरी व्हती, दत्तोबा. तू मला पाडलास. म्या उगंच बोंबललो."

दत्तोबांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. मग पंचांनीच आपल्या दोघांना फसवले, यावर त्यांचे एकमत झाले. दोघे पोट धरून हसले. कोंडाजी जेवायला थांबला. त्यांचा समेट झाला याचा मला आनंद आहे, नाही असे नाही. पण खोटेपणाचा सगळा ठपका आता माझ्या एकट्याच्या माथी आला आहे.

तेव्हा मित्रांनो, जुने नाणे हाती आले तर ते आहे तसे राहू द्या, त्याला फडकेसुद्धा लावू नका. आणि कोणाचा निकाल घरी सांगायचा असेल, तर तो अख्खा सांगा. मी अस्सल आहे. डबीवर तसे लिहिले आहे.