मागचा जिना

शाळेला शंभर वर्षं पुरी व्हायची होती, म्हणून सकाळपासून दगडी कमान घासणं चाललं होतं. काय ती इमारत! हातभर रुंद भिंती, सागवानी तुळया, आणि पुढचा जिना तर असा की सहा पोरं हातात हात घालून चढावीत. मागे, संडासांच्या अंगाला, एक अरुंद लोखंडी जिना. तो झाडणाऱ्यांच्या आणि गटारं उपसणाऱ्यांच्या पोरांसाठी. पाटी कुठेच नाही. पाटी हवी कशाला? शंभर वर्षं ज्याला त्याला आपली पायरी ठाऊक!

डागडुजीला आलेल्या लोहारानं तो जिना हलवून पाहिला आणि थेट हेडमास्तरांची खोली गाठली.

"सर, भिंतीतले बोल्ट सुटलेत. आजपासून ती पोरंही पुढून सोडा."

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, "मला का कळत नाही? पण बाकीच्या पालकांची बोंब कोण ऐकणार? समारंभ उरकू दे, मग बघू."

दाराशी उभ्या असलेल्या दुसरीच्या बाईंनी हे ऐकलं. शाळा सुटताच त्यांनी वर्गातल्या, मागच्या जिन्यानं ये-जा करणाऱ्या ठकीचा हात धरला आणि तिला पुढच्या जिन्यावर आणलं.

नेमकी तिथेच ठकीची आई पायऱ्या पुसत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, पाया पडते, हिला इथून नेऊ नका! कुणी पाहिलं तर नाव काढून टाकतील हो हिचं शाळेतून."

"अहो, मागचा जिना मोडकळीला आलाय!"

"मीही त्याच्यावरूनच ये-जा करून दोन वर्षं शिकले. काही होत नाही." तिनं ठकीच्या पाठीत धपाटा घातला. "जा मागून! मोठी शहाणी!"

"आई, तो हलतो गं."

"भिंतीला धरून उतर."

बाईंनी ठकीचा हात सोडला. आईपुढे कुणाचं काय चालणार?

भिंतीलाच धरून उतरत होती ती. जिना भिंतीतून उखडून आला. सात वर्षांचा जीव जागच्या जागी गेला.

आई कुणालाच बोल लावत नाही. "मीच पाठवलं," एवढंच म्हणते.

समारंभ ठरल्या दिवशी झाला. आधी ठकीसाठी आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग हेडमास्तरांनी चष्मा पुसत जाहीर केलं, "त्या मुलांसाठी मागे नवा, भक्कम, सिमेंटचा जिना बांधू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई तेवढ्या उठून बाहेर गेल्या. वाचकहो, त्याच शाळेत शिकलेला मी दुसऱ्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.