पांढऱ्यात पिवळं

सहनशीलता हा थोरल्या जावेचा खरा दागिना. या घरातल्या थोरलीने तो गेल्या वर्षी सासऱ्यांच्या वाढदिवसाला उतरवून ठेवला. धाकटीने केलेला केक तोंडात टाकून सासरे म्हणाले होते, "कापूस आहे, कापूस!" थोरलीच्या केकला त्यांनी आजवर दिलेली सर्वोच्च पदवी 'भरीव' ही होती.

यंदा त्यांनी फर्मान काढलं, "दोघींनीही करा. जो आवडेल, तोच यापुढे या घरचा केक."

थोरलीने आपला केक सकाळीच भाजून घेतला आणि 'मदतीला' म्हणून धाकटीच्या शेजारी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. धाकटी अंड्यांतलं पांढरं एका वाडग्यात आणि पिवळं वाटीत काढत होती.

"इतकं जपून गं काय करतेस?"

"पांढऱ्यात पिवळ्याचा टिपूस जरी गेला ना ताई, तर कितीही फेटा, फेस उभाच राहत नाही."

"हो का? मला मेलीला कुठलं एवढं कळायला!"

धाकटी मैदा चाळायला वळली. टिपूसभर पुरतं असं शास्त्र सांगत होतं. थोरलीने शास्त्रावर विसंबून न राहता अर्धा चमचा घातला आणि ढवळून टाकला.

धाकटी फेटत राहिली. फेस फुगला खरा, पण वाडगं कलंडलं की तोही कलंडायचा. तिचा हात भरून आला, डोळेही.

"नजर लागली असेल गं कुणाची," थोरली म्हणाली. हे मात्र ती अगदी खरं बोलली.

बाहेरून सासरे ओरडले, "पोरींनो, केक होईल तेव्हा होईल, आधी काहीतरी खायला द्या!"

धाकटीने नाक पुसलं, वाटीतलं पिवळं त्याच फेसात ओतलं, मीठ-मिरपूड घातली आणि सगळं तव्यावर टाकलं. ऑम्लेट उशीसारखं टम्म फुगलं.

पहिल्या घासालाच सासऱ्यांनी डोळे मिटले. "हे काय गं?"

"बिघडलेला केक, बाबा."

"मग दरवर्षी असाच बिघडव! वाढदिवसाला आता हेच."

"आणि माझा केक?" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"ठेव की झाकून. संध्याकाळी चहाबरोबर बघू."

पोटं जड झाल्यामुळे संध्याकाळी कुणीच चहा घेतला नाही.