खड्ड्याला माफी नाही

तेजलचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. सोनूबाईंची ती थोरली नात. पत्रिका वाटायला सोनूबाई स्वतःच निघाल्या, कारण जुन्या शेजाऱ्यांच्या पत्त्यांची वही त्यांच्यापाशी होती. भांडुपची मैत्री सोसायटी पाडून सात वर्षं झाली होती. चोवीस बिऱ्हाडं चार दिशांना भाड्यानं राहत होती. बिल्डरनं पाया खणला, दोन वर्षं भाडं दिलं आणि मग तोंड लपवलं. त्या खड्ड्यात बेडूक तेवढे सुखानं नांदत होते.

पहिली पत्रिका जुन्या जागेला द्यायची, असं सोनूबाईंच्या मनात होतं. त्यांचे यजमान कुंडलिकराव तिथल्याच खोलीत वारले होते. पत्र्याच्या कुंपणात पत्रिका खोचायला त्या वाकल्या, तर शेजारी पालिकेचा कागद चिकटवलेला. पूर्वी असता तर नुसता बघून सोडला असता. पण साठी उलटल्यावर शेजारच्या बाळा परबांनी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवून, ओळीखाली बोट ठेवायला लावून अक्षरं शिकवली होती, तीही विजेच्या बिलांवरून. अडखळल्या की ते म्हणायचे, "वाच गो, अक्षरां काय खातत तुका?"

सोनूबाईंनी वाचलं. मालमत्ता कर थकीत. मोकळी जमीन. एकवीस दिवसांत न भरल्यास जप्ती.

तशाच त्या मुलुंडला, सेक्रेटरी जयवंतच्या घरी गेल्या. तो हसला.

"मावशी, पाचशे फुटांखालच्या घरांना कर माफ झालाय ना! आपली घरं सव्वादोनशेची. चुकून लावला असेल कागद."

"घर कुठाय रे?"

"म्हणजे?"

"घर तू म्हणतोस. कागदावर मोकळी जमीन लिहिलंय. माफी घराला आहे बाबा, खड्ड्याला नाही."

जयवंतनं चहा खाली ठेवला. कर बिल्डरनं भरायचा, असं करारात होतं. पुढे माफीची बातमी आली आणि अख्खी सोसायटी निर्धास्त झोपली होती.

"वाट लागली," तो म्हणाला. "आता एवढ्या लोकांना गाठायचं कसं? निम्म्यांचे नंबर बदललेत."

सोनूबाईंनी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर आजचा पत्ता होता, त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरांत.

मग दोघं दारोदार फिरली. आधी पत्रिका, मग जप्ती. घाटकोपरची सुलक्षणा म्हणाली, "मावशी, आहेर कुणाला करायचा गं, तेजलला की पालिकेला?"

"आधी पालिकेला. तेजल थांबेल."

कुणी कुरकुरलं, कुणी बिल्डरच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण नाही कुणीच म्हटलं नाही.

मरोळला बाळा परब लेकीकडे अंथरुणाला खिळले होते. सोनूबाईंनी कागदाची नक्कल त्यांना वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बोट नाय ठेवलंस?"

"नाही दादा."

"मगे माझी फी दी."

सोनूबाईंनी पेढा त्यांच्या तोंडाजवळ नेला. अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा सोनूबाईंनाच परत दिला. कराच्या वर्गणीत पहिलं नाव मात्र स्वतःचं घालायला लावलं.

एकोणिसाव्या दिवशी कर भरला. जप्ती टळली. जागा हातात राहिली म्हणून दुसरा बिल्डर उभा करता आला. पाणी उपसलं, बेडूक गेले, आता तिसरा स्लॅब पडलाय. कर भरल्यानंतरच्या सभेत सगळ्यांनी सोनूबाईंसाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "इथं कशाला वाजवता? मरोळला जाऊन वाजवा. मला वाचायला कुणी शिकवलं?"

आणि माणसं खरंच गेली. एका रविवारी परबांच्या लेकीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग लागला. परब प्रत्येकाचा हात धरून ठेवत होते.

बाळा परब नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, शुक्रवारी सकाळी, मरोळला लेकीच्या घरी वारले.