कमजोर बाजू

जाऊबाईंना चहा पिता येत नव्हता. निदान वास तरी मिळावा म्हणून भाऊजींनी आपला कप त्यांच्या डाव्या हातात दिला. कागदी कप, दवाखान्यातल्या मशीनमधून नुकताच भरून आणलेला. त्यांनी तो मुठीत धरला, नाकाशी नेला आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "गार करून आणलात होय?"

मी कप काढून घेतला तर माझ्याच बोटांना चटका बसला. जाऊबाईंचा तळवा लाल झाला होता.

"अगं, भाजलं तुला!" भाऊजी ओरडले.

"मला? कुठे?" त्या आपल्या हाताकडे तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं बघत राहिल्या.

हा काही साधा हात नव्हता. आमच्या बेकरीच्या भट्टीला तापमान दाखवणारी तबकडी आहे, पण तिच्यावर कुणाचाच भरवसा नाही. जाऊबाई भट्टीचं दार उघडणार, डावा हात क्षणभर आत धरणार आणि 'लावा' म्हणणार, तेव्हाच पाव आत जायचे. भाऊजी तबकडी बघून झाल्यावर बायकोच्या तोंडाकडे बघायचे.

आठवड्यापूर्वी सकाळी कणीक मळता मळता त्यांना गरगरलं. उभ्या होत्या त्या उजवीकडे कलल्या, आणि मैद्याच्या पोत्यांवर पडल्या म्हणून डोकं वाचलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की मेंदूच्या अगदी तळाशी, जिथून पाठीचा कणा सुरू होतो तिथल्या भागाची एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली आहे. त्या भागाला ते मेडुला म्हणाले. शाळेच्या पुस्तकात आम्हाला मस्तिष्कपुच्छ म्हणून होता तो हाच. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरून गेले.

"केवढा असतो हो?" मी विचारलं.

डॉक्टरांनी अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं. "एवढासा. पण श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, उचकी, सगळं सांभाळतो. यांचा श्वास शाबूत राहिला, हे मोठं नशीब."

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला बसले तेव्हा माझं लक्ष नामावरून सारखं श्वासावर जात होतं. रोज एका श्वासाला एक नाम घेते मी, पण तो श्वास कोण चालवतं हे कधी मनात आलं नव्हतं. आपण झोपतो, भांडतो, स्वयंपाक करतो, आणि मानेच्या वर बसलेलं ते पेर कुणी आठवण न करता आपलं काम करत राहतं. मनोमन त्यालाही हात जोडले. जाऊबाईंच्या घशाखाली घास उतरेपर्यंत पाव खायचा नाही, असा नेमही त्याच दिवशी धरला.

जाऊबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "धाकटे, देवाला सांगायचं तर दुसऱ्यांच्या बेकरीतला सोड ना! आपलं कशाला नुकसान करतेस?" हसताना त्यांना उचकी लागली आणि ती तासभर थांबेना.

खरा प्रश्न गिळण्याचाच होता. नाकातून नळी घातली होती. तोंडातली लाळसुद्धा आत जात नव्हती. वाटीत थुंकावी लागे. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी घशाचा एक्स-रे काढू, म्हणजे हलतं चित्रच. घोट नीट उतरला तर ठीक, नाहीतर पोटात नळी बसवून घरी पाठवू.

जाऊबाईंनी त्या नळीचा धसकाच घेतला. "पोटात नळी घालून मी पाव विकू? गिऱ्हाईक विचारणार, आज कसा झालाय? मी काय सांगू, नळीला विचारा?"

गिळायला शिकवायला एक बाई यायच्या. सडपातळ, केस आखूड, बोलणं जपून. जाऊबाईंनी त्यांचं नाव घोटबाई ठेवलं आणि ते त्यांनी मानूनही घेतलं. त्यांची बोटं बघण्यासारखी होती. दोन बोटं गळ्यावर इतकी हलकी ठेवत, की फुलपाखरू बसावं. आणि त्या स्पर्शावरून, गळ्याची घाटी किती वर उचलली गेली, कुठे अडकली, हे बिनचूक सांगत. एकदा घाईत दाराशी उभ्या राहून त्यांनी भाऊजींना युक्ती सांगितली. "घशातून खाली जायला दोन्ही बाजूंनी वाट असते. मान कमजोर बाजूकडे वळवली, की तिकडची वाट मिटते आणि घोट चांगल्या बाजूने उतरतो. मी आता शुक्रवारीच येईन. तोवर नुसती लाळ गिळायचा सराव करा. पाणी अजिबात द्यायचं नाही."

भाऊजींनी मनापासून सराव घेतला. "हं, वळ डावीकडे. अजून. गीळ." डावा हात भाजलेला कळला नाही, म्हणजे डावी बाजू गेली, यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. जाऊबाई डावीकडे मान वळवत आणि दर वेळी ठसका लागून डोळ्यांत पाणी आणत. गुरुवारपर्यंत त्या खचल्या. "असू द्या," म्हणाल्या, "बसवू दे नळी." जाऊबाईंच्या तोंडून 'असू द्या' मी पहिल्यांदाच ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी त्यांचं तोंड ओल्या कपड्याने पुसत होते. गार पाण्याची वाटी शेजारी होती.

"दोन वाट्या आणल्यास का गं?" त्यांनी विचारलं. "इकडे गार लावतेस आणि उजव्या गालाला कोमट."

वाटी एकच होती. मी पुन्हा पुसून पाहिलं. उजव्या गालाला गारवा कळतच नव्हता. आणि जवळून बघितलं तर उजव्या डोळ्याची पापणीही थोडी उतरलेली होती. मी भाऊजींना बाहेर बोलावून हे सांगितलं आणि घसाही उजवाच गेला नसेल ना, असं विचारलं.

"अगं, हात डावा गेलाय ना? मग घसा उजवा कसा जाईल?" ते वैतागले. "माणूस काय आडवा कापलाय?"

वाद घालणं मला जमत नाही. पण तो गाल डोक्यातून जाईना.

एक्स-रेच्या खोलीत जाऊबाईंना पडद्यासमोर बसवलं. घोटबाईंनी एक्स-रे अडवणारा शिशाचा जड झगा घालून पांढऱ्या औषधाचा चमचा पुढे केला आणि नजर पडद्यावर लावली. जाऊबाईंनी सवयीने मान डावीकडे वळवली. पडद्यावर ते पांढरं औषध काळ्या रेघेसारखं दिसत होतं; ती रेघ घशाशी साचली, मग चुकून श्वासाच्या वाटेकडे निघाली आणि त्या जोरात खोकल्या. डॉक्टरांनी मान हलवली. भाऊजी भिंतीकडे बघू लागले.

"बाई," मी हळूच म्हटलं, "यांच्या उजव्या गालाला गार कळत नाही हो. मग कमजोर बाजू नक्की कुठली?"

घोटबाई चमकल्या. "थांबा. मान डावीकडे कुणी वळवायला सांगितली?"

"तुम्हीच ना," भाऊजी म्हणाले. "कमजोर बाजूला. हात डावा आहे."

घोटबाईंनी कपाळाला हात लावला. "चूक माझी. सरळ 'उजवीकडे' म्हणायला हवं होतं." मग त्यांनी अंगठा उभा धरला. "हा मेडुला. इजा उजव्या बाजूला आहे. हाताचं गरम-गार सांगणारी तार पाठीच्या कण्यातच बाजू बदलून वर येते, म्हणून उजवीकडच्या इजेने डावा हात गेला. पण घशाच्या तारा इथूनच निघतात आणि आपल्याच बाजूला जातात. गालाचंही तसंच. घसा उजवा कमजोर आहे."

भाऊजी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. "एवढ्याशा जागेत एवढी गर्दी?"

"आणि वर्षानुवर्षं कुणाचा धक्का कुणाला लागत नाही," घोटबाई म्हणाल्या. "मला तर रोज नवल वाटतं. डॉक्टर, अजून एक चमचा देऊ?"

डॉक्टरांनी मानेनेच हो म्हटलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हनुवटी उजव्या खांद्याकडे नेली, डोळे मिटले. मी नाम घेत होते, पण श्वास अडला होता. काळी रेघ जिभेवरून मागे सरकली, क्षणभर थांबली, आणि एका बाजूने सरळ खाली उतरली. ठसका नाही. खोकला नाही.

"गेला?" जाऊबाईंनी एक डोळा उघडून विचारलं.

"गेला!" भाऊजी एवढ्याने ओरडले, की बाहेरची नर्स डोकावली.

"मग आता पाव आणा."

"आधी घट्ट लापशी," घोटबाई हसल्या. "पावाला अजून वेळ आहे."

वेळ लागलाच. पण पोटात नळी बसली नाही. ज्या दिवशी त्यांनी दुधात भिजवलेला पावाचा तुकडा गिळला, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात अर्धा पाव कोंबला. "सोड एकदाचा नेम. शिळे उरलेत."

आता त्या पुन्हा गल्ल्यावर बसतात. भट्टीत उजवा हात घालतात; डावा आधी पुढे जातो, तो त्या मागे ओढतात. मधूनच एखादा तुकडा तोंडात टाकतात आणि मान उजवीकडे वळवतात. भट्टी त्याच बाजूला आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईंचं पावावर फार लक्ष आहे.