पावसातल्या बंद झडपा

"झडपा ओढून घे गं, ऊन आत येतंय."

खरबूज कापता कापता सोलेनचा हात थांबला. बाबांना जाऊन वर्षं लोटली होती, पण ऑगस्ट लागला की तो आवाज कानात यायचाच. ओरडणं नाही, खेकसणं नाही. मऊ, लोण्यासारखा आवाज. मग लहानगी सोलेन खिडकीबाहेर वाकायची, लाकडी झडपा ओढून घ्यायची आणि लोखंडी अडसर आडवा टाकायची. ठण्ण. त्यानंतर अंधार, आणि अंधारात आईच्या पाठीवर पट्ट्याचं बक्कल.

भर दुपारी अख्खी गल्ली उन्हासाठी झडपा लावून बसायची. गल्लीला त्या वेळी ना डोळे असायचे, ना कान. ऊन कललं की झडपा उघडायच्या आणि समोरच्या खिडकीतून जेर्मेन विचारायची,

"इवेत, बरी आहेस ना गं?"

मनगटापर्यंत बाह्या ओढत आई म्हणायची, "बरी आहे. ऊन फार."

"हे बघ," तिच्या नवऱ्याने, यानने, फोनवरचा नकाशा तिच्यापुढे धरला. लिऑनपासून दक्षिणेकडचे सगळे रस्ते लालभडक होते. "ऑगस्टातला शनिवार! अर्धा देश समुद्राकडे निघालाय, अर्धा भाजून परत येतोय. आणि मधे आपण, सँडविचमधल्या हॅमसारखे. जायचंच का?"

"आईसुद्धा नकोच म्हणते."

"मग ऐक की सासूबाईंचं. एवढी शहाणी बाई आहे."

"दर वर्षी ऐकतेच आहे."

तिने फोन लावला. आईने लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती.

"नको गं बाई, आत्ता नको. गाड्यांचा नुसता गोंधळ. नदीत पाण्यापेक्षा पाहुणे जास्त. ऑक्टोबरात ये. अक्रोड पडलेले असतात, रस्ते मोकळे."

"अर्नो कसा आहे?" तिने भावाबद्दल विचारलं.

"आहे की." आईने आवाज खाली आणला. "इथे पहाटेपासून पाऊस लागलाय. कापलेलं गवत भिजलं सगळं. त्यामुळे जरा..."

तिच्या मागे कुणीतरी हळू, मऊ आवाजात काही बोललं. शब्द कळले नाहीत. पावलं खिडकीकडे गेली.

ठण्ण.

"ठेवते हं," आई म्हणाली.

सोलेन सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. खरबुजाचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"काय झालं?" यानने विचारलं.

"अर्नोने झडपा लावल्या."

"मग? दुपारी सगळेच लावतात."

"पावसात?"

यानचा चेहरा बदलला. "पोलिसांना कळवू या?"

"काय सांगायचं? माझ्या भावाने पावसात झडपा लावल्या?" तिने गाडीची किल्ली उचलली. "तू पोरीजवळ थांब."

एरवी दोन तासांचा रस्ता, त्याने सबंध दुपार गिळली. छपरांवर सायकली बांधलेल्या गाड्या, खिडक्यांतून बाहेर लोंबणारे मुलांचे पाय. डोंगर सुरू झाले तसा काचेवर पहिला थेंब पडला. तिने गाणी बंद केली.

गावात पाऊस झिमझिमत होता. उकाड्याने आंबलेल्या लोकांनी गारवा घ्यायला दारं-खिडक्या सताड उघडल्या होत्या. कुठे गादी वाऱ्यावर टाकलेली, कुठे मांजर चौकटीत बसलेलं. उघड्या गल्लीत आईचं तेवढं घर मिटलेलं होतं.

दाराला कडी लावलेली नव्हती. आत दिव्याखाली अर्नो सूप पीत होता. आई चुलीपाशी उभी होती. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, आणि एप्रनवर वाळलेलं रक्त होतं.

"आलीस?" अर्नो म्हणाला. "तिला ऊन लागलं. घेरी येऊन पडली."

सोलेन सरळ खिडकीकडे गेली.

"झडपेला हात लावू नकोस गं."

तोच आवाज. लोण्यासारखा.

तिने अडसर उचलला. त्याच क्षणी तिचे केस त्याच्या मुठीत गेले आणि तिचं कपाळ खिडकीच्या दगडी कठड्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. डोळ्यांत गरम रक्त उतरलं. खुर्ची कोसळली, सूप जमिनीवर पसरलं. त्याचा गुडघा तिच्या पाठीत रुतला होता.

"गवत कुजतंय तिकडे! समजत नाही तुम्हा बायकांना, गवत कुजतंय!"

अडसर अजून तिच्या हातात होता. न बघताच तिने तो मागे हाणला. काहीतरी मोडलं, ओल्या फांदीसारखं. तिने पुन्हा हाणला. अर्नो मनगट पोटाशी धरून जमिनीवर बसला आणि रडू लागला, लहानपणी बाबा घरात शिरले की टेबलाखाली बसून रडायचा तसाच. सोलेनने अडसर तिसऱ्यांदा उगारला. पण मारला नाही. तिने वळून त्याच लोखंडाने झडपा बाहेर ढकलल्या.

आत उजेड आला, भिजलेल्या गवताचा वास आला. गल्लीत चार-पाच माणसं उभी होती. आवाज ऐकून आलेली, आणि आता कुठे बघावं ते न कळणारी. समोरच्या खिडकीत जेर्मेन, आता पार वाकलेली, मांडीवर शेंगांचं भांडं. ते भांडं कलंडलं तरी तिला कळलं नाही. तिने सवयीनेच विचारलं,

"इवेत... बरी आहेस ना गं?"

आई हळूहळू खिडकीशी आली. तिचा हात बाहीकडे गेला. मग तिने ती बाही कोपराच्या वर सारली, आणि हात पावसात बाहेर धरला, सगळ्या गल्लीला दिसेल असा.

"नाही," ती म्हणाली. "हा मारतो मला. याच्या आधी याचा बाप मारायचा. उन्हाचं काही नव्हतं जेर्मेन, आणि तुला ते ठाऊक होतं."